चौदावा अध्याय

गुजराती मुलखातल्या इच्छापोरच्या भाजीबाजारात सुभद्राबाई गावित पुन्हा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा टोमॅटोवाल्यानेच त्यांना हातगाडीच्या सावलीत निजवलं आणि त्यांच्याच फोनवरून ललितला बोलावून घेतलं. ललित हा त्यांचा एकुलता एक मुलगा. हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटर होता. ड्युटी अर्धी टाकून तो धावत आला आणि या खेपेला गल्लीतल्या डॉक्टरकडे न थांबता त्याने आईला थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे छातीला वायरी लावून ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली. मग एक डबी गळ्यात अडकवून दिवसभर ठोके मोजले. डॉक्टर तरुण होता, गुजराती, हसऱ्या तोंडाचा. सुभद्राबाईंना तो 'बा', म्हणजे आई, म्हणायचा. त्याने समजावलं की बांचं हृदय तसं धडधाकट आहे, फक्त मधूनच ठोका द्यायला विसरतं, आणि विसरलं की बा पडतात. एखाद्या वेळी ते जास्तच विसरलं, तर बा पुन्हा उठणार नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, पेसमेकर नावाचं छोटं मशीन बसवायचं. ठोका चुकला की ते हृदयाला आठवण करून देतं.

ललितच्या जिवात जीव आला. सुभद्राबाईंनी मात्र विचारलं, की ते मशीन अंगाच्या आत राहणार का? हो, कातडीखाली. कायमचं? हो. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, त्याच्यावर नंबर असतो का? डॉक्टरला म्हातारीचा प्रश्न आवडला. त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं की प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर असतो, तो कॉम्प्युटरवर चढवला जातो, आणि त्या नंबरचं कार्ड पेशंटला मिळतं. ते कार्ड बांनी कायम जवळ बाळगायचं.

सुभद्राबाईंनी पदर कपाळावर पुढे ओढला.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी ललितने रिक्षा दारात आणून उभी केली. त्याची बायको धनश्री पिशवी भरून तयार होती. सुभद्राबाई खाटेवर बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला ते मशीन नको."

रिक्षावाला कंटाळून निघून गेला. ललितने आधी समजूत घातली, मग आवाज चढवला, मग तोच रडकुंडीला आला. त्याला वाटलं, आई चाकूला घाबरते. शेजारच्या वैशालीताई येऊन आपल्या चुलत्याची गोष्ट सांगून गेल्या, की त्यांना असंच मशीन बसवलंय आणि ते रोज शेतात जातात. सुभद्राबाई ऐकत राहिल्या आणि मान हलवत राहिल्या. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

खरं कारण फोनमध्ये होतं. नातवंडं गावी आजोळी गेली की दुपार खायला उठायची, म्हणून ललितने त्यांना फोन घेऊन दिला होता. त्यावर त्या ख्रिस्ती भक्तिगीतं ऐकायच्या. गीत संपलं की पुढे आपोआप एक हिंदी उपदेशक यायचा. पांढराशुभ्र सूट, मागे आगीचं चित्र. तो सांगायचा की शेवटचा काळ आला आहे. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात लिहिलेलं श्वापद जागं झालं आहे. ते माणसांच्या उजव्या हातावर नाहीतर कपाळावर आपली खूण करणार आहे, सहाशे सहासष्ट हा त्याचा आकडा आहे, आणि ज्याच्यावर ती खूण झाली त्याला स्वर्गाचं दार कायमचं बंद. एकदा त्याने तांदळाच्या दाण्याएवढं एक मशीन दाखवलं. हे कातडीखाली घालतील, म्हणाला. तुम्हाला बरं करतो असं सांगून घालतील. त्याला नंबर असेल. तो नंबर कॉम्प्युटरमध्ये जाईल. तुम्हाला कळणारही नाही, आणि तुम्ही श्वापदाचे होऊन जाल.

हे सगळं खोटं आहे असं म्हणायला सुभद्राबाईंकडे काही आधार नव्हता. बायबल त्यांनी वाचलं होतं, नाही असं नाही. वाचायला त्या शिकल्याच मुळी बायबलावरून. नवापूरकडच्या एका पाड्यावर लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा हिलाल रोज संध्याकाळी ओळीखाली बोट धरायचा आणि त्या बोटामागून त्या वाचत जायच्या. हजीऱ्याला कारखाने उभे राहत होते तेव्हा हिलाल कामासाठी इकडे आला, त्याच्यामागे त्याही आल्या, आणि इच्छापोरच्या खोलीत ते वाचन तसंच चालू राहिलं. पण यहूदाचं पत्र, म्हणजे शेवटून दुसरं पुस्तक, संपलं की हिलाल पुस्तक मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानावर, उत्पत्तीपासून सुरू करायचा. शेवटचं पुस्तक आपल्या डोक्याच्या बाहेरचं आहे, म्हणायचा. त्यात राक्षस आहेत, शिंगं आहेत, रक्त आहे. ते पास्टर लोकांसाठी. असं करता करता ते पुस्तक सुभद्राबाईंच्या वाचण्यातून कायमचं राहून गेलं, आणि त्या रिकाम्या जागी आता पांढऱ्या सुटातला माणूस येऊन बसला होता.

हिलाल काविळीने गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याच्याकडे जायचंय, हे सुभद्राबाईंनी मनाशी इतकं पक्कं धरलं होतं की मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. ठोका चुकून मेलो तर हिलालकडे जाऊ. मशीन घालून जगलो तर दार बंद. हा त्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या परीने तो सरळ होता.

पुढचे दिवस घरात कोणी धड जेवत नव्हतं. सुभद्राबाई भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवायच्या. आंघोळीला गेल्या की धनश्री मोरीच्या दाराबाहेर उभी राहायची. ती घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करायची. आता तिने काम दाराशी मांडलं होतं, म्हणजे सासू पडली तर आवाज कानावर यावा.

फुटलं ते एका सकाळी, ललित डबा घेऊन निघताना. सुभद्राबाईंनी त्याचा हात धरला.

"कारखान्याच्या गेटवर तू मशीनला अंगठा लावतोस ना," त्यांनी विचारलं, "तो उजव्या हाताचा की डाव्या?"

"उजव्या. का गं?"

"उद्यापासून लावू नको."

ललितला आधी काही उमगेना. अंगठा नाही लावला तर गेटच्या आत कोण घेणार? मग आईने रडत रडत सगळं सांगितलं, तसा तो मटकन खाली बसला. थोड्या वेळाने त्याला राग आला. पुस्तकात हात आणि कपाळ लिहिलंय ना, मग छातीतल्या मशीनचा काय संबंध, असा वाद त्याने घातला. आईचं उत्तर तयार होतं. तो सांगतो, आता खूण कुठेही लपवतील. ललितने फोन हिसकावून घेतला आणि फळीवर उंच ठेवून दिला. त्याने काही साधलं नाही. ऐकलेलं फळीवर ठेवता येत नाही. कामावर जाण्याआधी त्याने पास्टरांच्या घराकडे गाडी वळवली.

पास्टर सखाराम वळवी हे विसरवाडीकडचे. इच्छापोरपासून उधन्यापर्यंत विखुरलेल्या छोट्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या ते स्कूटरवरून सांभाळायचे. साठीच्या पुढचे, अंगाने जाडजूड, चहात भरपूर साखर लागणारे. उजव्या कानाने त्यांना अगदीच कमी ऐकू यायचं आणि डावाही फार भरवशाचा नव्हता. त्यामुळे त्यांच्याशी मनातली गोष्ट हळू आवाजात बोलण्याची सोय नव्हती.

त्याच दुपारी ते आले, खाटेसमोर खुर्ची ओढून बसले आणि काय ऐकलंय ते सगळं सांगा म्हणाले. सुभद्राबाई कुजबुजल्या. पास्टरांनी कान पुढे केला. त्या जरा मोठ्याने बोलल्या. अजून मोठ्याने, पास्टर म्हणाले. शेवटी श्वापद, कातडीखालचं मशीन, बंद झालेलं दार हे सगळं त्यांना जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. दाराशी खडे चिकटवत बसलेल्या धनश्रीचे हात थांबले. इतके दिवस मनात कुजबुजत राहिलेली ती भीती भर दुपारी मोठ्याने ऐकताना सुभद्राबाईंनाच थोडी अनोळखी वाटली.

पास्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घाबरण्यासारखंच आहे, म्हणाले. मग त्यांनी फळीवरचं बायबल काढलं, शेवटचं पुस्तक उघडलं आणि ते त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही वाचा."

"मला नको. ते आमच्या घरात वाचत नाहीत."

"म्हणूनच दुसरा कोणी येऊन तुम्हाला सांगून गेला," पास्टर म्हणाले. "श्वापद राहू द्या. नुसती सुरुवात वाचा. हे कोणी लिहिलंय आणि कोणाला, तेवढंच मला सांगा."

सुभद्राबाईंनी चष्मा लावला. बोट ओळीखाली ठेवलं. पहिल्याच ओळींत लिहिलं होतं की हे वाचून दाखवणारा आणि ऐकणारे धन्य आहेत. त्यांनी ते परत वाचलं. भिऊन जा, असं नव्हतं तिथे. पुढे योहानाचं नाव आलं. तो विश्वासासाठी एका बेटावर अडकून पडला होता, आणि त्याने सात गावांतल्या मंडळ्यांना हे लिहून पाठवलं होतं. गावांची नावं दिली होती.

"म्हणजे हे पत्र आहे," त्या म्हणाल्या.

पास्टरांनी मान डोलावली. त्यांचा चहा निवला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला आणि सावकाश सांगू लागले. त्या सात गावांतले लोक आपल्यासारखेच होते. रंगारी, विणकर, गडी, मोलकरणी. घराघरांत जमायचे, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वर राज्य रोमच्या सम्राटाचं. सम्राट म्हणे, मला देव म्हणा, माझ्यापुढे धूप जाळा. धंद्याच्या पंचायतींत शिरायचं तर त्यांच्या देवांपुढे बसावं लागे. बसला नाही त्याचा बाजार बंद, काम बंद. कोणाला मारूनही टाकलं. अशा माणसांना योहानाने लिहिलं की हे राज्य स्वतःला देव म्हणवतंय, पण ते देव नाही, जनावर आहे. त्याच्यापुढे वाकू नका. शेवटी जिंकणार आहे तो कोकरा, म्हणजे आपला प्रभू. उघड लिहिलं असतं तर पत्र नेणाऱ्याचा जीव गेला असता, आणि तसंही त्यांच्यात जुन्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतली अशीच चित्रं घालून बोलायची रीत होती. म्हणून शिंगं आणि डोकी.

"आता मला सांगा," पास्टर म्हणाले, "नवापूरच्या मंडळीवर संकट आलंय, आणि मी त्यांना पत्र लिहिलं, धीर धरा म्हणून. पण आत सगळी माहिती भरली दोन हजार वर्षांनंतरच्या मशीनची. नवापूरच्या लोकांना त्याचा काय उपयोग?"

"काहीच नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "आणि तो आकडा?"

त्या काळी अक्षरांनाच आकडे असत, पास्टरांनी सांगितलं. नावातल्या अक्षरांची बेरीज केली की नावाचा आकडा निघायचा. पुष्कळ जाणकारांना वाटतं की तो आकडा म्हणजे एका रोमन सम्राटाचं नाव आहे. सगळ्यांना तसं वाटत नाही. "मलाही या पुस्तकातलं सगळं कळतं असं नाही," ते म्हणाले. "जो म्हणतो सगळं कळलं, त्याच्यापासून मी जरा लांब बसतो. पण हात आणि कपाळ हे मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. मोशेने लोकांना काय सांगितलं होतं? देवाची वचनं कुठे बांधा?"

सुभद्राबाईंना ते पाठ होतं. "हाताला," त्या म्हणाल्या. "आणि दोन डोळ्यांच्या मध्ये." आणि बोलता बोलता थांबल्या.

हात म्हणजे आपण काय करतो, पास्टर म्हणाले, आणि कपाळ म्हणजे आपण कोणाचे. देव म्हणतो, तिथे माझं नाव असू द्या. श्वापद म्हणतं, माझं असू द्या. खुणेचा झगडा एवढाच आहे. मग त्यांनी तेरावा अध्याय काढला, जिथे खूण आणि आकडा आहे, आणि सुभद्राबाईंना शेवटपर्यंत वाचायला लावला. अध्याय संपला. पास्टरांनी पान उलटलं नाही, तसेच बसून राहिले. मग सुभद्राबाईंनीच उलटलं. चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत कोकरा डोंगरावर उभा होता. त्याच्याबरोबर त्याचे लोक होते, आणि त्या लोकांच्या कपाळावर त्याचं नाव आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं होतं.

"हे त्याने सांगितलं नाही," सुभद्राबाई म्हणाल्या.

"त्याचा व्हिडिओ आधीच संपला असेल," पास्टर म्हणाले.

दाराशी धनश्री हसली आणि तिने पटकन खाली बघितलं.

सुभद्राबाईंच्या मनात मात्र अजून एक काटा होता. मशीन बसवताना गुंगीचं औषध देतात. माणूस झोपेत असताना त्याच्यावर कोणी खूण केली तर? नकळत माणूस श्वापदाचा होऊन गेला तर?

पास्टरांनी हा प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग पुस्तक त्यांच्याकडे सरकवून म्हणाले की खूण जिथे जिथे आली आहे, तिच्या शेजारचा शब्द बघा. त्यांनी बघितलं. दरवेळी शेजारी एकच गोष्ट होती. जे श्वापदाला नमन करतात आणि त्याची खूण घेतात ते. नमन आणि खूण, जोडीने.

"नकळत कोणी कोणाला नमन करतं का, सुभद्राबाई?" पास्टर म्हणाले. "झोपेत कोणी देव बदलतो का? तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही जाग्या होता. कोणाचं नाव घेतलं होतं तुमच्यावर?"

त्या नदीचं नाव सांगायला लागल्या, पाणी किती गार होतं ते, हिलाल काठावर टॉवेल घेऊन उभा होता ते. सांगता सांगता रडायला लागल्या. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, इतक्या हळू की धनश्रीला उठून ते पास्टरांच्या डाव्या कानात परत सांगावं लागलं. मशीन घालून गेले, तर ते मला तिथे भेटतील?

पास्टरांनी चष्मा काढून पुसला. "मशीन इथेच राहील," ते म्हणाले. "तुम्ही जाल. आणि घाई करू नका, त्यांना थांबायची सवय आहे."

सुभद्राबाई रडता रडता हसल्या. हिलाल खरंच थांबायचा. बाजारात, स्टॅंडवर, टॉवेल घेऊन नदीकाठी. छातीवर काही दिवस ठेवलेला दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं, आणि एकदम भूक लागली. पास्टर गेल्यावर त्यांनी कालचीच भाकरी मागून घेतली आणि तिखट-तेलाबरोबर सगळी खाल्ली. धनश्रीने गरम करून देते म्हटलं तरी थांबल्या नाहीत.

तरी लगेच हो म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं, मोठ्याने, आणि धनश्री खडे चिकटवत ऐकत राहिली. भीतीची पानं होती, नाही असं नाही. टोळ होते, आग होती, समुद्राचं रक्त होतं. तिथे सुभद्राबाईंचा आवाज बारीक व्हायचा. पण त्यांच्या मध्ये मध्ये गाणी होती. इतकी गाणी असतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. दर थोड्या वेळाने कोणीतरी सिंहासनापुढे उभं राहून गातच होतं. शेवटाला एक नगर आलं. तिथे देव स्वतः माणसांच्या डोळ्यांतलं पाणी पुसत होता, आणि वेशीची दारं दिवसभरात कधीच बंद होत नव्हती. त्या ओळीवर सुभद्राबाईंचं बोट बराच वेळ थांबलं.

"दार बंदच होत नाही गं," त्या धनश्रीला म्हणाल्या. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "पिशवी भर. आणि ललितला सांग, रिक्षा चांगली बघ, मागे दवाखान्यातून येतानाची फार आदळत होती."

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरकडे मशीन बघायला मागितलं. त्याने सीलबंद डबीत असलेलं दाखवलं. एवढुसं, घड्याळाच्या तबकडीसारखं. नंबर कुठे आहे तेही त्यांनी विचारलं. भलामोठा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. त्यांनी तो वाचला आणि हा काही पाठ होणार नाही, म्हणाल्या. डॉक्टरने सांगितलं की पूर्ण गुंगी द्यायचीही गरज नाही, फक्त तेवढी जागा बधिर करू. त्यामुळे सगळा वेळ त्या जाग्याच होत्या. परिचारिका आपापसात कोणाच्या तरी साखरपुड्याबद्दल गुजरातीत बोलत होत्या. मुलगी राजकोटची होती आणि मुलाकडच्यांना जेवण पसंत पडलं नव्हतं. मध्येच छातीत काहीतरी ढकलल्यासारखं झालं. मग डॉक्टर म्हणाला, "बा, आता विसरणार नाही."

बाहेर ललित उभा होता. त्याने डॉक्टरचे हात हातात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

टाके सुकल्यावर सुभद्राबाई रविवारी उपासनेला गेल्या. मंडळी एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. तिथे कळलं की भीती त्यांच्या एकट्याच्या घरात शिरली नव्हती. कविता नावाची एक तरुण बाई रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जातच नव्हती, आणि नवऱ्याला मशीन बिघडलंय असं सांगत होती. दोन घरांनी मुलांची आधारकार्डं काढली नव्हती. सगळ्यांनी तोच पांढरा सूट बघितला होता, आणि लोक हसतील म्हणून सगळे गप्प होते. हे ऐकून पास्टरांनी खुर्ची सगळ्यांच्या मध्ये ओढली. मग म्हणाले, हे पुस्तक आपण सगळ्यांनी मिळून वाचायला हवं, जसं त्या सात गावांनी वाचलं तसं. आणि वाचून दाखवायचं काम त्यांनी सुभद्राबाईंना दिलं.

दर रविवारी एकेक अध्याय होत गेला. तेराव्याचा दिवस आला तेव्हा हॉल भरला होता. सुभद्राबाईंनी सरळ, मोठ्या आवाजात वाचलं, पास्टरांच्या डाव्या कानालाही ऐकू जाईल असं. आकड्यापर्यंत पोहोचल्या. पास्टरांनी घड्याळ बघितलं. खालच्या कारखान्याची दुपारची पाळी सुरू झाली होती, जमीन हादरायला लागली होती, मुलं पेंगत होती. त्यांनी बायबल मिटलं आणि आजच्यापुरतं इथेच थांबू या, म्हणाले. कविता आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन उठू लागली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बस गं," सुभद्राबाई तिला म्हणाल्या. मग पास्टरांकडे वळल्या. "इथे कोणाला उठू देऊ नका, पास्टर. भाकऱ्या गार झाल्या तरी चालतील."

पास्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्चीत परत टेकले. कविता बसली. सुभद्राबाईंनी बोट पुढच्या पानावर, चौदाव्याच्या पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागल्या.